विटांच्या भिंतीवरचं साल

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनमध्ये स्पिटलफील्ड्स नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या फोर्निअर स्ट्रीटवर 1720 च्या दशकातली विटांची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. फ्रान्समधून धर्मछळामुळे परागंदा झालेले ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, रेशीम विणकर आणि व्यापारी या भागात स्थायिक झाले. मागावर उजेड यावा म्हणून इथे माळ्याला रुंदच्या रुंद खिडक्या ठेवलेल्या दिसतात. पण अशा घरासमोर उभं राहिल्यावर मी आधी पाहते ती खालच्या खिडकीची चौकट. ती भिंतीच्या किती आत आहे, यावरून घराच्या वयाचा पहिला अंदाज येतो.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. सप्टेंबर 1666 मध्ये लंडनच्या पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून आग निघाली आणि चार-पाच दिवसांत 13,000 हून जास्त घरं जळून गेली. लाकडी घरं एकमेकांना खेटून होती, मग दुसरं काय होणार? 1667 च्या कायद्याने बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात असं ठरवलं, आणि घरांचे चार वर्ग पाडून मजले नि भिंतींची जाडीही नेमून दिली. 1707 मध्ये छपराखालची लाकडी कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली नक्षीदार पट्टी, बंद झाली. दर्शनी भिंत छपराच्या वर कठड्यासारखी निघू लागली ती तेव्हापासून. 1709 चा कायदा म्हणाला, खिडकीची चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून 4 इंच आत घ्या, म्हणजे ज्वाळा लाकडाला सहज धरणार नाहीत. 1774 मध्ये तर सरकत्या खिडकीच्या चौकटीची जाड पेटी विटांच्या मागेच दडवायला लावली. म्हणून चौकट भिंतीच्या बरोबरीला असेल तर घर बहुधा जुनं, आणि लाकडाची नुसती बारीक कड दिसत असेल तर बरंच नंतरचं. अर्थात कायदा झाला म्हणून सगळे गवंडी दुसऱ्या दिवशी बदलले नाहीत. एका खुणेवर विसंबू नये.

बुजवलेल्या खिडक्यांबद्दल मला मुद्दाम सांगायचं आहे. 1696 ते 1851 इंग्लंडात खिडक्यांवर कर होता, त्यामुळे अशी प्रत्येक खिडकी कर चुकवायला बुजवली असं सर्रास सांगितलं जातं. घाई करू नका. आत जाऊन बघा. त्या जागी मागे धुराड्याची नळी गेलेली असेल, तर तिथे खिडकी कधी नव्हतीच. दर्शनी बाजू दोन्हीकडून सारखी दिसावी म्हणून गवंड्याने नुसता कोनाडा ठेवलेला असतो. विटांवरही 1784 ते 1850 कर होता. तो सुरुवातीला नगावर असल्यामुळे काहींनी विटाच मोठ्या पाडल्या.

आता भिंतीच्या अगदी जवळ या. एकाच थरात एक वीट लांबीची, पुढची टोकाची, असा क्रम दिसेल. हा फ्लेमिश बॉन्ड. टोकाने दिसणारी वीट भिंतीत आडवी आत शिरून पुढचा आणि मागचा थर बांधून ठेवते. निदान तसं करायला हवं. विकण्यासाठी भराभर घरं उठवणाऱ्यांनी पुष्कळदा महागड्या विटा अर्ध्या तोडून पुढे चिकटवल्या आणि मागे हलका माल भरला. दोन थरांना बांधणारं फारसं काही उरलं नाही. आज अशा घरांची दर्शनी भिंत पोट काढून पुढे आलेली दिसते.

आणि हीच भिंत दुरुस्तीच्या नावाखाली बिघडवली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. विटांमधल्या जुन्या दरजा चुन्याच्या. चुना मऊ, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. कोणी दरजांमध्ये कडक सिमेंट भरलं की ओलीची ती वाट बंद होते आणि ती विटेतून निघू लागते. हिवाळ्यात पाणी विटेत गोठतं, विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. सिमेंट तसंच राहतं, वीट झिजून आत जाते.

तुमच्याकडे असं घर असेल, तर गवंड्याला पहिला प्रश्न विचारा: दरजेत काय भरणार? सिमेंट काढायचं असेल तर यंत्राने कापू देऊ नका, विटांच्या कडा जातात. छिन्नीने हळूहळू काढायला सांगा. नवा चुना भरला की काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावा लागतो, कारण तो झटपट वाळला तर त्याचा भुगा होतो. कडाक्याच्या थंडीत हे काम काढू नका.

नमस्कार.