शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, जीभ अडखळतेय. ही मेंदूच्या झटक्याची, म्हणजे स्ट्रोकची लक्षणं. अशा रुग्णाला घेऊन घरचे धावत येतात आणि डॉक्टर विचारतात, "यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं?" घरचे वैतागतात. आधी इलाज करा, चौकशी मग करा! पण इलाज कोणता करायचा, हे बऱ्याच अंशी त्या उत्तरावरच ठरतं. झोपेतच झटका आला असेल, तर वेळ मोजायची ती रात्री झोपायला गेल्यापासून.

का, ते सांगतो. त्यासाठी थोडं मागे जाऊ. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून पाहिले. सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच. त्यांना वाटलं, मेंदूला रंग धरतच नसावा. १९१३मध्ये त्यांचे सहकारी एडविन गोल्डमन यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं! म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्या मध्ये काहीतरी आड येत होतं.

हा आडोसा म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांचं अस्तर. त्याच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात, की रक्तातले बहुतेक पदार्थ मधून निसटू शकत नाहीत.

गुठळीने रक्त अडलं, की मोठ्या झटक्यात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. हा आकडा तुम्ही ऐकला असेल. पण त्याच वेळी हे अस्तरही उपाशी पडतं, त्याची शिवण उसवू लागते. आधी पाणी झिरपतं, मेंदू सुजतो. पुढे रक्तच बाहेर पडू शकतं.

आणि खरा पेच इथे आहे. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज प्रवाह मोकळा करतं, पण तो येतो या उसवलेल्या अस्तरावर. जितका उशीर, तितकं ते जास्त उसवलेलं; म्हणून आधी वेळ विचारतात. शिवाय हे औषध अस्तराचा पाया पोखरणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) जोर देतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. १९९५च्या गाजलेल्या चाचणीत हे औषध ३ तासांच्या आत दिलं होतं. तरीही प्रकृती बिघडवणारा मेंदूतला रक्तस्राव औषध घेतलेल्या ६.४ टक्के रुग्णांत झाला, न घेतलेल्या ०.६ टक्क्यांत. असं असूनही तीन महिन्यांनी बरं होऊन हिंडणारे औषधवाल्या गटातच जास्त होते, म्हणून ते टिकलं. २००८मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. आता तपासणीच्या चित्रांत वाचवण्याजोगा भाग दिसला, तर निवडक रुग्णांना त्यानंतरही उपचार मिळतात. काहींची गुठळी तर नळी घालून ओढूनच काढतात.

औषध दिल्यावर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी रक्तदाब मोजतात आणि दिवसभर तो १८०/१०५च्या खाली ठेवतात. "गुठळी झाली होती ना, मग ॲस्पिरिन का देत नाही?" असं घरचे विचारतात. सहसा २४ तास ती मुद्दामच थांबवलेली असते. पुन्हा सीटी स्कॅन करून कुठे रक्त झिरपलेलं नाही ना, एवढं आधी पाहायचं असतं.