माळ्यावरची पेटी

(पडद्यावर: पेटीचं झाकण उचललं जातं. भुसा, चिंध्या, एक झुरळ पळतं.)

आत काय सापडलं ते दिसतंच आहे. उंदरांनी चामडं खाल्लं, गादीतला कापूस ओढून आणला, घरटं केलं आणि पिल्लं मोठी करून निघून गेले. बाहेरचं सागवान मात्र अजून ठणठणीत आहे. ज्यांनी ही पेटी, म्हणजे हार्मोनिअम, घेतली ते आजोबा आता नाहीत. नातवाला ती वाजवायची आहे.

सिंधुदुर्गात, कुडाळच्या आसपासच्या गावांत, पावसाळा सुरू झाला की अशा पेट्या माळ्यावरून उतरायला लागतात. चतुर्थी जवळ येते. घरोघरी भजन होणार, आणि कोकणातलं भजन पेटीशिवाय सुरूच होत नाही. बुवा स्वतः पेटीवर बसतात, वाजवतात आणि गातात. मग कुणी रिक्षातून, कुणी एसटीतून, कुणी स्कूटरवर पायांच्या मधे उभी करून पेटी दुरुस्तीसाठी या पडवीत आणून टेकवतो.

(भाता उघडताना. हातांचं जवळचं दृश्य.)

पहिली तपासणी भात्याची. पेटीला भाते दोन. पाठीमागचा आपण हाताने मारतो. दुसरा पोटात असतो, स्प्रिंगांनी दाबून धरलेला. बाहेरचा हवा भरतो, आतला ती साठवतो आणि एकसारख्या दाबाने सुरांकडे पाठवतो. आतल्याला भोक पडलं की वाजवणारा सारखा भाता मारत राहतो आणि तरीही सूर थरथरतो. घरातले म्हणतात, पेटी जुनी झाली. जुनी नाही झाली, फाटली आहे. भाता भरायचा, वाजवायच्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, आणि तो किती वेळात खाली बसतो ते बघायचं. हा लगेच बसला.

जुनं चामडं खरवडून काढायचं, घड्यांच्या कोपऱ्यांवर नवं चिकटवायचं, सुकू द्यायचं. श्रावणातल्या हवेत ते सुकता सुकत नाही. लाकूडही फुगतं, शेजारच्या पट्ट्या एकमेकींना घासतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. प्रत्येक पट्टी काढून, कडेने कागदाइतकी तासून परत बसवली जाते.

(पितळी सुरांची रांग. इथे उजेड चांगला आहे, घाई करू नये.)

आणि हे सूर. पितळेच्या तुकड्याला चीर, चिरेवर पितळेचीच पातळ जीभ, एका टोकाला रिबिट मारून बसवलेली. दुसरं टोक मोकळं. हवा चिरेतून गेली की जीभ थरथरते, तोच आवाज. साडेतीन सप्तकांच्या पेटीत वाजवायच्या ४२ पट्ट्या असतात. खर्ज (खालच्या आवाजाचे) आणि नर (त्याहून वरच्या आवाजाचे) अशा सुरांच्या दोन ओळी असतील तर ८४ सूर, आणि ते सगळे एकमेकांशी मिळायला हवेत. पुष्कळ पेट्यांत सूर येतात ते गुजरातेतल्या पालिताण्याचे. एखाद्या जुन्या पेटीत जर्मन सूर निघाले तर पडवीत बसलेले सगळे उठून बघायला येतात.

आता कानशीकडे लक्ष द्या. जिभेचं मोकळं टोक घासलं की ते हलकं होतं आणि सूर चढतो. रिबिटाजवळ घासलं की जीभ तिथे पातळ होते आणि सूर उतरतो. दोन-चार हात कानस फिरवायची, सूर जागेवर बसवायचा, वाजवून बघायचा, पुन्हा काढायचा. गेलेलं पितळ परत येत नाही. जास्त घासलं गेलं तर तो सूर टाकून द्यावा लागतो.

मिळाला हे कळतं कसं? खर्ज आणि नर एकत्र वाजवले आणि ते एकमेकांशी किंचित जरी बेसूर असले, तर आवाजात लाट येते. ऐका.

(मूळ आवाज. लाट हळूहळू मंदावते. निवेदन नाही.)

लाट थांबली. मोबाइलवरचं ट्यूनर बाजूला ठेवलेलं आहे, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

हे वाद्य मूळचं इथलं नाही. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनिअमचं पेटंट घेतलं. ती पेटी पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातभात्याची पेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली, कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्याकडे. मराठी संगीत नाटकाने ती डोक्यावर घेतली. रेडिओने मात्र १९४० मध्ये तिला दाराबाहेर काढलं, कारण तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, सापडत नाहीत. आक्षेप खरा होता, शिक्षा जरा जास्तच झाली. साथीसाठी ती परत आली १९७१ मध्ये. गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही पेटीसाठी. मधल्या तीस वर्षांत भजनी मंडळांना या बंदीचा पत्ता होता असं वाटत नाही.

(शाळेचा वर्ग, संध्याकाळ. बाकं भिंतीला लावलेली.)

आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गावातले बुवा इथे शिकवतात. चटईवर पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत, एक अंगणवाडीताई, काजूची बाग असलेले एक जण, आणि दहावीतला एक मुलगा, ज्याच्या आईला वाटतं तो शिकवणीला गेलाय.

काकांचा डावा हात बघा. उजव्या हाताच्या बोटांकडे लक्ष गेलं की भाता थांबतो. भात्याची आठवण झाली की बोटं थांबतात. सारेग, रेगम, गमप. अंगठा कुठून आत घ्यायचा हे त्यांनी वहीत लिहून आणलंय. बुवा वही बंद करायला लावतात. भाता मारायचा नाही, नुसता लोटायचा, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगतात.

ताईंचं वेगळं आहे. त्या काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गातात, बुवांनी शिकवलं पांढरी एकपासून. स्वतःच्या पट्टीत वाजवायचं तर सगळी बोटं नव्याने बसवायची. त्यांनी तेच केलं, आणि आता आरती वाजवताना त्या गातातही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. ज्यांना द्यायच्या त्यांनी द्याव्यात. या वर्गात कुणी फॉर्म भरलेला नाही आणि आमच्या मते त्याने काही बिघडत नाही. चतुर्थीच्या रात्री बुवांचा आवाज बसला तर दोन आरत्या धरून ठेवणारा माणूस प्रत्येक वाडीत असावा, एवढ्यासाठी हा वर्ग पुरेसा आहे. वर्गातल्या बहुतेक पेट्या जुन्याच, याच पडवीतून दुरुस्त होऊन आलेल्या.

पडवीत कानस चालवायला शिकणारं सध्या कुणी नाही.

(रात्र. गणपतीवर टांगलेली माटोळी, समया, टाळांचा गजर सुरू होतोय.)

ही आपली पेटी. उंदरांची. नवं चामडं, दोन नवे सूर, बाकी सगळं जुनंच. समोर बुवा आहेत, पखवाजावर नातू. पेटी वाजवायची आहे म्हणणारा हाच तो. पण वाडीत पखवाज वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा त्याला तिकडे बसवला. पेटी त्याला मिळेल आरतीच्या वेळी.

बुवांनी पट्टी चढी धरलीय, मागच्यांना ती झेपेल असं दिसत नाही. पुढचा गजर आम्ही कापलेला नाही.