पहिल्या स्क्रीनवर कोण?

नमस्कार मंडळी. "मशीनला काय कळतं चांगलं-वाईट, वापरणाऱ्यावर असतं सगळं" हे आपण इतक्यांदा ऐकतो की खरंच वाटायला लागतं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही तेच आज सांगते.

अमेरिकेत विमानाची तिकिटं काढायला ट्रॅव्हल एजंट सेबर नावाची कॉम्प्युटर सिस्टीम वापरायचे, ती होती अमेरिकन एअरलाइन्सची. कुठून कुठे जायचंय ते टाकलं की फ्लाइट्सची यादी यायची, यादी लांबलचक, स्क्रीन एवढीशी, समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं, मग एजंट बहुतेक वेळा पहिल्याच स्क्रीनवरचं तिकीट काढून मोकळा व्हायचा. आणि पहिल्या स्क्रीनवर कोणाला बसवायचं हे कोण ठरवणार, तर सिस्टीमची मालक कंपनीच! इतरांच्या फ्लाइट्स होत्या की, मागच्या पानांवर. खोटं काहीच नव्हतं, नुसता क्रम लावलेला, पण तेवढ्यानेच धंदा इकडचा तिकडे व्हायचा. शेवटी १९८४ मध्ये तिथल्या सरकारने नियम काढून हा प्रकार थांबवला.

बात्या फ्रीडमन आणि हेलन निसेनबॉम या दोन संशोधक बायकांनी १९९६ मध्ये कॉम्प्युटरमधल्या पक्षपातावर लेख लिहिला त्यात हे उदाहरण आहे. फ्रीडमन यांचा पुढचा आग्रह मला जास्त महत्त्वाचा वाटतो, त्या म्हणतात की वस्तू जो वापरतो त्याच्याइतकाच जो वापरत नाही पण ज्याला तिची झळ लागते त्याचाही विचार डिझाइन करतानाच करा.

आता दारावरचा कॅमेरा घ्या. विकत घेतो घरमालक, पण रेकॉर्ड होतो समोरचा शेजारी, कुरियरवाला, जिन्यात खेळणारी पोरं, त्यांना कोणी विचारलंय? कॅमेरा किती लांबचं बघणार, आवाज आपोआप टिपणार का, फुटेज किती दिवसांनी पुसलं जाणार, हे सगळं डबा आपल्या हातात यायच्या आधीच ठरलेलं असतं, आणि सेटिंगमध्ये जाऊन बदलणारे आपल्यात असतात किती? म्हणून तर युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या डेटा कायद्याचं कलम २५ सांगतं की डेटाची काळजी डिझाइनपासूनच घ्या, आणि डिफॉल्ट सेटिंगमध्ये कामापुरताच डेटा वापरा.

डिझाइन करतानाच एवढी काळजी घेणं महागात पडतं, वेळ जातो, असं कंपन्या म्हणतात. जातो ना वेळ, मान्य. पण २०१८ मध्येच जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत थेट ३४.७ टक्क्यांपर्यंत! हे जाहीर झालं, बोभाटा झाला, आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत तिन्ही कंपन्यांचे आकडे बरेच सुधारलेले निघाले. म्हणजे जमत होतं की. मग विकायच्या आधी ही तपासणी त्यांनी स्वतःच का केली नाही, हे आपण गिऱ्हाईक म्हणून विचारलंच पाहिजे.