कपाटातली सोलापुरी चादर

नमस्कार श्रोतेहो.

माझी लेक लग्न होऊन रत्नागिरीला गेली, तेव्हा रुखवतात मी तिला दोन जाड सोलापुरी चादरी दिल्या. आपल्या गावच्या माणसानं दुसरं काय द्यावं? पुढं श्रावणात तिच्याकडं गेले. कपाट उघडलं, तर कुबट वासाचा भपकारा. चादरीच्या घडीवर काळे ठिपके, चपलांवर पांढुरकी बुरशी, डब्यातले पापड सादळलेले.

मी पदर खोचला. बादल्याच्या बादल्या ओतून फरशी, कपाटाचे कप्पे, भिंतीसुद्धा धुतल्या. जावईबापू काही बोलले नाहीत. चार दिवसांत बुरशी परत आली, आणि पहिल्यापेक्षा जोरात.

चूक माझ्या सोलापुरी हाताची होती. आपल्याकडं वर्षाकाठी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. उन्हाळ्यात धुतलेली फरशी पाठ फिरवेपर्यंत कोरडी. आपलं भांडण धुळीशी आणि बोअरच्या जड पाण्याशी. तिकडं ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्के. बुरशीला ६०-६५ टक्क्यांपुढची हवा मानवायला लागते. म्हणजे मी घर धूत नव्हते, बुरशीला पाणी पाजत होते!

लेकीच्या शेजारच्या काकूंनी मग मला शिकवलं. बुरशी कोरड्या केरसुणीनं झाडायची नाही. तिचे कण उडतात, नाकात जातात आणि दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसतात. नाकाला रुमाल बांधायचा, फडकं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून पिळायचं, त्यानं भिंत पुसायची, अर्धा तास तशीच ठेवायची. मग साध्या ओल्या फडक्यानं, आणि शेवटी कोरड्या फडक्यानं. पंखा लावून ठेवायचा. हे शेवटचं कोरडं फडकं आपण सोलापुरात कधी हातात घेतो का?

खिडकीच्या गजांना काकू आठवड्याला गोड्या पाण्याचं फडकं मारतात. मला आधी गंमत वाटली. पण समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ गजांवर बसतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढं गेली की मिठाला पाणी सुटतं, आणि लोखंड गंजतं. मिठाचा हाच स्वभाव काकू कपाटात वापरतात. वाटीत जाडं मीठ ठेवायचं, पाणी सुटलं की तव्यावर भाजून पुन्हा ठेवायचं. कपाट मात्र घट्ट बंद हवं. उघड्या खोलीत वाटीभर मीठ बिचारं काय काय शोषणार?

आणखी एक. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस काढायची हल्ली फार हौस आहे. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांची ताकद मारतात. सोड्यानं घासायचं ते वेगळं, व्हिनेगरनं पुसायचं ते वेगळं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीही, कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेततो.

परत आल्यावर मी त्याच उत्साहात आमच्या स्वयंपाकघरात व्हिनेगर ओतलं. शहाबादी फरशी! दुसऱ्या दिवशी तिथं फिकट चट्टे. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड. आंबट लागलं की तो खाल्ला जातो, मग ते लिंबू असो की चिंचेचं पाणी. आपल्या फरशीला रिठ्याचं पाणी पुरे. व्हिनेगर ठेवा नळासाठी. जड पाण्याचा पांढरा थर नळावर चढतो ना, तोही चुन्याचाच. फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटांनी पुसा आणि पाण्यानं धुवा. खाली फरशीवर ठिबकू देऊ नका, एवढंच.

त्या चादरीचं काय झालं, विचाराल. लेक दिवाळीला घेऊन आली. दोन दिवस गच्चीवर आपल्या उन्हात टाकली, उलटसुलट केली. वास गेला, डाग राहिले. ती आता माझ्याकडंच आहे, वाळवणाखाली अंथरायला. जाताना लेकीनं पातळ सुती चादर मागून नेली.

नमस्कार.