दारू, मर्दानगी आणि मूलबाळ

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या समाजमंदिरात ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बंधू-भगिनींनो, दारूने लिव्हर जाते हे तुम्हाला कोणी सांगायला नको. पोट फुगलेला आणि डोळे पिवळे पडलेला माणूस प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाहिलेला आहे. मी आज बोलणार आहे ते अनेकदा त्याच्याही आधी जे जाते त्याविषयी. ज्याविषयी माणूस ओपीडीतली गर्दी ओसरल्यावर, दार लोटून आणि मान खाली घालूनच बोलतो.

दोन घोट घेतले की अंगात जोर येतो, असा आपल्याकडे समज आहे. नवरदेवाला मित्र बाजूला नेऊन पाजतात ते याच समजापोटी. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो टिकून आहे. दारू मेंदूतील लाज, भीती आणि संकोच यांचा लगाम आधी सैल करते, त्यामुळे इच्छा वाढल्यासारखी वाटते. पण इच्छा ही एक गोष्ट आणि ताठरता ही दुसरी. लिंगातील रक्तवाहिन्या सैलावून त्यांत रक्त भरले आणि ते तेथे अडून राहिले तरच ताठरता येते, आणि त्यासाठी मेंदूतून निघालेला निरोप पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंनी खाली पोहोचवावा लागतो. दारू नेमका हा निरोपच मंद करते. मन पुढे धावते आणि शरीर मागे राहते. एका रात्री असे झाले की दुसऱ्या रात्री त्याचीच धास्ती बसते, आणि ती घालवण्यासाठी माणूस आणखी एक पव्वा चढवतो. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांपैकी अनेकांचा आजार इथूनच सुरू झालेला असतो.

वर्षानुवर्षे पिणाऱ्याची गोष्ट याहून खोल जाते. पुरुषत्वाचे जे मुख्य संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, ते वृषणांत तयार होते आणि ते तयार करण्याचा हुकूम मेंदूतून येतो. दारू हुकूम देणारा आणि काम करणारा, दोघांनाही दुबळे करते. त्यात यकृत बिघडले की शरीरातील संप्रेरकांचा तोल जातो, पुरुषाची छाती वाढते आणि वृषणे आक्रसतात. मर्दानगीसाठी प्यायलेल्या दारूचा हा हिशेब आहे. तळपायाची आग होते, मुंग्या येतात म्हणून गोळ्या मागणाऱ्या माणसाला मी ताठरतेविषयीही विचारतो, कारण ज्या दारूने पायाचे मज्जातंतू खाल्ले ती तिथलेही सोडत नाही. आणि दारू सोडली पण खर्रा चालूच आहे, असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आवळतात हेही ध्यानात घ्यावे.

आता मूलबाळाचा प्रश्न. लग्नाला वर्ष झाले, कोणतेही साधन वापरले नाही आणि तरीही दिवस गेले नाहीत, तर तपासणी दोघांचीही व्हायला हवी, कारण अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचा दोष पूर्णपणे किंवा अंशतः कारण असतो. आपल्याकडे मात्र सून देवळात जाते, बाबाकडे जाते, सोनोग्राफीसाठी नागपूरला जाते, वांझ म्हणवून घेते, आणि नवऱ्याची एक साधी, स्वस्त वीर्यतपासणी कोणी करत नाही. मला याचा मनापासून राग येतो. नियमित भरपूर पिणाऱ्याच्या वीर्यात शुक्राणूंची संख्या घटते, त्यांची चाल मंदावते आणि आकार बिघडतो. दिलाशाची गोष्ट अशी की एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून दारू सोडून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तर अनेकांच्या रिपोर्टमध्ये फरक दिसतो.

पूर्व विदर्भात मोहाची दारू कित्येक घरांच्या रीतीरिवाजातच आहे, आणि ती स्त्रियाही घेतात, त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण जास्त पिण्याने पाळी अनियमित होते आणि बीज सुटण्यात अडथळा येतो. गरोदरपणात तर आई पिते ते बाळापर्यंत पोहोचते, आणि तेव्हा थोडीही दारू सुरक्षित मानता येत नाही. न पिणाऱ्या बायकोची व्यथा वेगळी असते. नशेत नवऱ्याला तिचा नकार ऐकू येत नाही, निरोध वापरायचे भान राहत नाही, आणि बाहेरून आणलेला आजार घरात येतो. पत्नीवरील लैंगिक जबरदस्ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात छळच मानली आहे, हे येथे बसलेल्या पुरुषांनीही ऐकून ठेवावे.

वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. त्या वादात मी आज शिरत नाही. बाटली परवान्याच्या दुकानातली आहे की शेजारच्या जिल्ह्यातून लपवून आणलेली, हे शरीराला कळत नाही.

उपायांविषयी थोडे. मेडिकलमधून परस्पर ‘ताकदीची गोळी’ आणू नका. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी जो घेतो, त्याचा रक्तदाब या दोन गोळ्यांनी मिळून जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. रोज सकाळपासून पिणाऱ्याने उद्यापासून एकदम बंद, अशी शपथही घेऊ नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापणे, झटके येणे, भास होणे असे प्रकार होऊ शकतात; अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. बोलायला संकोच वाटत असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावावा, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि वीर्यतपासणीला जाताना एवढे लक्षात ठेवा. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा, आणि नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून डबीत घेऊन दोन तासांच्या एसटीने तालुक्याला नेलेला नमुना कामाचा राहत नाही. तो तासाभराच्या आत तपासायला मिळावा लागतो.