पाऊस, चढ आणि हबमधले गिअर

श्रोतेहो, नमस्कार. भर पावसातही ज्यांना सायकलनेच कामावर जायचे असते आणि ज्यांच्या वाटेवर दमछाक करणारा एखादा तरी चढ असतो, त्यांच्यासाठी आज मी मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या तुंब्यात, गिअर असलेल्या सायकलीविषयी बोलणार आहे. ही सायकल पाहिली तर गिअर कुठे दिसतच नाहीत. पुढे एक दातेरी चक्र, मागे एक आणि दोहोंमध्ये सरळ रेषेत धावणारी चेन, एवढाच पसारा असतो.

ओल्या रस्त्यावरून उडणाऱ्या पाण्यात बारीक वाळू असते. बाहेरचे गिअर असलेल्या सायकलीत ही वाळू चेनच्या तेलात मिसळते आणि कानशीप्रमाणे दात घासत राहते. हबमध्ये मात्र मधोमध सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि त्यांना वेढणारे आतून दातेरी कडे अशी सगळी यंत्रणा ग्रीसमध्ये किंवा तेलात बंद असते. गिअर बदलतो म्हणजे यांपैकी कोणाला जोर द्यायचा आणि कोणाकडून तो चाकापर्यंत न्यायचा, एवढेच बदलते. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात १९०२ साली सुरू झालेल्या स्टर्मी-आर्चर कंपनीने तीन गिअरांचा असा हब घराघरांत पोहोचवला. चेन उघडी राहिली तर ती गंजणारच, म्हणून तिला पूर्ण झाकणारे चेनकव्हर असलेली सायकल घ्यावी. बाहेरच्या गिअरांवर असे कव्हर बसवणे जवळजवळ अशक्य असते. हबच्या सायकलीत ते सहज बसते, आणि माझ्या मते पावसात चालवणाऱ्याला हबचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा ‘गिअर किती?’ असा विचारला जातो. त्याऐवजी सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमध्ये किती पटींचे अंतर आहे, हे विचारावे. स्टर्मी-आर्चरच्या नेहमीच्या तीन गिअरांच्या हबमध्ये हे अंतर सुमारे पावणेदोन पट असते, शिमानोच्या आठ गिअरांच्या नेक्सस हबमध्ये सुमारे तीन पट, अकरा गिअरांच्या अल्फिनमध्ये चार पटींहून थोडे अधिक, तर रोलॉफच्या चौदा गिअरांच्या हबमध्ये सव्वापाच पट. सपाट रस्त्याला तीन गिअर पुरतात. चढाउतारांच्या रोजच्या वाटेला मी आठ गिअरांचा हब पुरेसा मानतो. चौदा गिअरांचा हब उत्तम असला तरी त्याची किंमत इतकी असते की कामावर पोहोचून सायकल उघड्यावर उभी करताना जिवाची घालमेल व्हावी.

खरा निर्णय मात्र दातांच्या हिशेबात असतो. समजा पुढे ४० दात आहेत आणि मागे २०. पेडलचा एक फेरा झाला की मागचे चक्र दोन फेरे घेते. नेक्सस आठच्या पहिल्या गिअरमध्ये चाक त्याच्या ०.५२७ पट, म्हणजे एका पेडलफेऱ्यात जेमतेम एकच फेरा फिरते. मिनिटाला साठ फेरे मारले तर नेहमीच्या आकाराचे चाक ताशी आठ किलोमीटरच्या आसपास चढ चढते. सामान घेऊन एवढ्या संथपणे चढता आले पाहिजे. पुष्कळ सायकली कारखान्यातून सपाट रस्त्याच्या हिशेबाने येतात. तेव्हा मागचे चक्र एक-दोन दातांनी मोठे बसवून घ्यावे. मात्र पुढच्या दातांचे मागच्या दातांशी असलेले प्रमाण निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेखाली जाऊ देऊ नये, कारण पेडलवरचा जोर जितका वाढवून आत पोहोचतो, तितका आतल्या दातांवर ताण येतो.

चालवण्याची सवयही थोडी बदलावी लागते. बाहेरच्या गिअरांना चेन फिरती हवी असते. हबमध्ये थांबल्या जागीही गिअर बदलतो, त्यामुळे चढाच्या पायथ्याशी अचानक उभे राहावे लागले तरी हलक्या गिअरमध्ये निघता येते. चढावर बदलताना मात्र पायांचा जोर क्षणभर काढून घ्यावा, नाहीतर आतून कटकट आवाज येतो किंवा गिअर पडतच नाही.

जो चढ तो परतीचा उतार, म्हणून ब्रेकचा विचार हबबरोबरच करावा लागतो. रिमवर दाबणारा ब्रेक ओला असताना आधी पाणी पुसतो आणि मग धरतो, शिवाय चिखलाने रिम झिजते. हबमधला रोलर ब्रेक पावसाला दाद देत नाही, पण लांब उतारावर तापून मंदावतो. अशा वाटेला डिस्क ब्रेक बरा. हबच्या प्रत्येक नमुन्याला डिस्क बसत नाही, तेव्हा हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

उणी बाजू मागच्या चाकाच्या पंक्चरची. गिअरची केबल सोडवणे, नट सैल करणे, आस फिरू नये म्हणून बसवलेले खाचेचे वॉशर पुन्हा त्याच जागी लावणे आणि चेनचा ताण जुळवणे, हे सगळे अंधारात भिजत प्रथमच करण्याची पाळी येऊ नये. सायकल घरी आणली की कोरड्या जागेत एकदा चाक काढून पुन्हा बसवून पाहावे. नेक्सस आठमध्ये चौथा गिअर टाकला की हबवरच्या दोन पिवळ्या रेघा समोरासमोर याव्या लागतात. त्या सरकलेल्या दिसल्या तर केबलचा स्क्रू फिरवून त्या जुळवाव्यात, आणि योग्य मापाचा पाना खोगिराखालच्या पिशवीत कायमचा ठेवावा. नमस्कार.