कुलूप एक, किल्ल्या दोन

नमस्कार श्रोतेहो. 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ नव्या मुलखाच्या शोधात निघाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत तो तेलंगणात शिरला, परत महाराष्ट्रात आला आणि शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. चाल झाली 1300 किलोमीटरच्या आसपास. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हे कळलं. आणि अशी कॉलर घालायलाही दोन सरकारं लागतात. परवाना राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, पण वाघ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतला, म्हणून आधी केंद्राची परवानगी.

मग जंगल नेमकं कुणाचं? जमीन राज्याच्या वनखात्याकडे, पहाटे बीटवर गस्तीला निघणारा वनरक्षकही राज्याचाच. 1972 चा वन्यजीव कायदा मात्र संसदेचा. गंमत म्हणजे तेव्हा हा विषय राज्यांच्या अखत्यारीत होता. काही राज्यांनी ठराव करून सांगितलं, कायदा तुम्हीच करा. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने वनं आणि वन्यजीव समवर्ती सूचीत गेले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांत.

या कायद्यातली मला सर्वांत शहाणी वाटणारी तरतूद सांगतो. अभयारण्य जाहीर करणं राज्याच्या हातात आहे. पण एकदा आखलेली हद्द बदलायची, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस हवीच. त्याचे अध्यक्ष पंतप्रधान. अर्थात रस्ते, कालवे, वीजवाहिन्यांचे प्रस्ताव प्रत्यक्षात हाताळते ती या मंडळाची स्थायी समिती. म्हणजे कुलूप राज्याने लावायचं, उघडताना मात्र दुसरी किल्ली दिल्लीची.

राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ संपल्याचं 2005 साली उघड झालं, तेव्हा ही व्यवस्था आणखी आवळली गेली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत कॅमेरे लावतात राज्यांचे कर्मचारी, आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखण्याचं काम डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत चालतं. 2022 चा अंदाज 3682 वाघांचा.

सगळं सुरळीत चालतं असं मात्र नाही. अडतं ते बहुधा पैशापाशी. व्याघ्र प्रकल्पांच्या खर्चात केंद्र आणि राज्य, दोघांचा वाटा. राज्याने आराखडा पाठवायचा, केंद्राने मंजूर करायचा, मग हप्ता; आधीच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नसेल तर पुढचा हप्ता थांबतो. हिशेब मागणं योग्यच, पण वेळ बघा. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि विदर्भातले पाणवठे आटू लागतात तेही त्याच सुमारास. ताडोब्यासारख्या ठिकाणी पर्यटकांच्या प्रवेश शुल्कातून त्या व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे पैसे जमतात, त्यात टँकरचं भागतं. जिथे पर्यटकांच्या जिप्सी फारशा फिरत नाहीत, तिथल्या वनपालाला मे महिन्यात टँकरवाल्याकडे उधारीचा शब्द टाकावा लागतो.